सायकल अंगाच्या मापाची

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानवाटांवर सायकल ही चैनीची वस्तू नव्हे. शाळा, बाजार, मजुरी, सारे तिच्यावर. सदरा आपण माप देऊन शिवतो. सायकल मात्र दुकानदार '२२ इंची' म्हणाला की उचलून आणतो!

हे २२ इंच चाकाचे नव्हेत, फ्रेमचे. पॅडलच्या आसापासून सीटखालच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचे. तुमचे माप असे काढा. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा. मांड्यांमध्ये पुस्तक घट्ट वर दाबा आणि तिथून जमिनीपर्यंत मोजा. सडकेवरच्या हलक्या, वेगवान सायकलीसाठी त्याला ०.६७ ने गुणतात. माप ७५ सेंटिमीटर भरले, तर फ्रेम सुमारे ५० ची. आणि २२ इंच म्हणजे जवळजवळ ५६!

साधी सायकल घेताना दांडा दोन्ही पायांमध्ये घेऊन उभे राहा. टाचा टेकल्या पाहिजेत, वर दोन बोटे मोकळी हवीत. वाटेत रानडुक्कर आडवे आले, तर पाय जमिनीला लागायलाच हवा ना? सीट वर-खाली होते, फ्रेम होत नाही. म्हणून 'पोर वाढेल' म्हणत मोठी सायकल घेऊ नका. पोर वाढेल खरी, पण शाळेत तिला उद्याच जायचे आहे.