पसरणीचा घाट आणि पाच युनिट

१४ फेब्रुवारी २०२५. महिंद्राने 'बीई ६' आणि 'एक्सईव्ही ९ई' या विजेवरच्या दोन मोटारींचं बुकिंग उघडलं आणि पहिल्याच दिवशी ३०,१७९ गाड्या बुक झाल्या. त्यांची किंमत ८,४७२ कोटी रुपये! चाकणला बनणाऱ्या या गाड्या एकीला एक खेटून उभ्या केल्या आणि प्रत्येकीची लांबी साडेचार मीटर धरली, तर रांग होते सुमारे १३५ किलोमीटरची. चाकणहून निघालेली ही रांग पुणं आणि खंबाटकीचा घाट ओलांडून, वाईतून पसरणीचा घाट चढत थेट पाचगणीला भिडेल.

आता दुसरा आकडा पाहा. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात ४१ लाखांहून अधिक मोटारी विकल्या गेल्या. त्यांत विजेवरच्या होत्या सुमारे १ लाख ७ हजार. शंभरात तीनसुद्धा नाहीत! एवढी उत्सुकता असूनही गिऱ्हाईक शोरूमच्या दारात का थबकतं? डोंगराळ भागात त्याच्या मनात एक प्रश्न हमखास असतो : "घाट चढेल का?"

चला, हिशोबच मांडू. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर, पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर. मधला घाटरस्ता बारा-एक किलोमीटरचा. माणसं आणि सामान धरून दोन टनांची गाडी ६०० मीटर वर न्यायची आहे. विजेच्या एका युनिटमध्ये एक टन वजन ३६७ मीटर उचलण्याची ताकद असते. म्हणजे निव्वळ चढाईला लागतात सव्वातीन युनिट. टायरचं घर्षण, हवेचा अडथळा आणि मोटरमधली गळती धरली, तरी सगळं मिळून पाचच्या आसपास.

धडधाकट माणूस आठ तास अंग मोडून राबला, तर त्याचं काम भरतं जेमतेम अर्ध्या-पाऊण युनिटचं. म्हणजे आठ माणसांची दिवसभराची मेहनत ही गाडी वीस-पंचवीस मिनिटांत खर्चून पाचगणी गाठते. आणि तरीही २०२० साली आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीच्या ३०.२ युनिटच्या बॅटरीतला हा फक्त सहावा हिस्सा. 'बीई ६'च्या मोठ्या, ७९ युनिटच्या बॅटरीत तर सोळावा!

उतरताना आणखी नवल. उतारावर मोटरच जनित्र होते आणि चढाईला गेलेल्या विजेतला काही भाग बॅटरीत परत येतो. पेट्रोलची गाडी कितीही घाट उतरली, तरी टाकीत एक थेंब परत येत नाही.

महाराष्ट्राच्या २०२५च्या धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं उद्दिष्ट आहे. ते लवकर पुरं व्हायला हवं. पण तोवर विजेची गाडी असणाऱ्यांनी एवढं करावं : वाईत बॅटरी किती टक्के होती आणि पाचगणीत किती उरली, ते टिपून शेजाऱ्याला सांगावं. घाटाची भीती जाहिरातीने जात नाही. ती अशा खऱ्या आकड्यानेच जाते.