वाचता येतं, पण कळत नाही
(इंग्रजी आणि आपण : भाग ७)

मागच्या भागात चीनमधल्या मुलांच्या शब्दयाद्यांची गोष्ट अर्धी राहिली होती. ती आधी पुरी करतो आणि मग गणपतीपुळ्याला येतो. या दोन ठिकाणच्या मुलांची अडचण शेजारी-शेजारी ठेवली की दोन्ही नीट दिसतात.

चीनने २००१ साली तिसरीपासून इंग्रजी शिकवायचं ठरवलं. त्याच्या आदल्याच वर्षी महाराष्ट्राने मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणलं होतं. तोवर आपल्याकडे ए-बी-सी-डीची गाठ पाचवीत पडायची. चीनमध्ये बारावीनंतर गाओकाओ नावाची प्रवेशपरीक्षा असते. तिच्यासाठी साधारण साडेतीन हजार इंग्रजी शब्द यायला हवेत असा हिशेब धरतात. त्या शब्दांची पुस्तकं मिळतात, बहुतेक वर्णानुक्रमे लावलेली, आणि सुरुवातीलाच शब्द येतो ‘अबॅन्डन’, म्हणजे सोडून देणं. नव्या उत्साहाने पुस्तक उघडायचं, पहिलं पान घोकायचं आणि पुढचं सोडून द्यायचं. त्यामुळे हा एक शब्द मात्र सगळ्यांना पक्का येतो, असा विनोद तिथली मुलं स्वतःवरच करतात. एवढं घोकूनही बोलायची वेळ आली की तोंड उघडत नाही, म्हणून या इंग्रजीला तिथे ‘मुकं इंग्रजी’ असं नावच पडलं आहे.

आपलं इंग्रजी मुकं नाही. गणपतीपुळे, मालगुंड, नेवरे या पट्ट्यातल्या कुठल्याही मराठी शाळेबाहेर घटकाभर उभे राहा. सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर. बी-ओ-वाय बॉय, बॉय म्हणजे मुलगा. अख्खा वर्ग सुरात म्हणत असतो. सातवीतला चुणचुणीत मुलगा धडा खडाखडा वाचून दाखवतो, बाई ‘शाब्बास’ म्हणतात, घरी आजोबा कौतुकाने चार जणांना सांगतात. मग त्याच मुलाला विचारावं, ‘बाळा, या परिच्छेदात झालं काय?’ तो पुस्तकाकडे बघतो, तुमच्याकडे बघतो आणि परत पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागतो.

यात मुलाचा दोष नाही. देवनागरीने आपल्याला लावलेली ही सवय आहे. मराठी मूल अक्षरं आणि काना-मात्रा शिकलं की लिहिलेलं बहुतेक सगळं उच्चारू शकतं, आणि भाषा घरचीच असल्याने उच्चारलं की कळतंही. त्यामुळे ‘वाचता येणं’ म्हणजे ‘मोठ्याने म्हणता येणं’ असं समीकरण आपल्या डोक्यात घट्ट बसलं आहे. मराठीपुरतं ते चालून जातं. तेच माप आपण इंग्रजीला लावतो आणि तिथे फसतो.

चिनी मुलाचं बरोबर उलट. त्याच्या लिपीतलं एकेक चिन्ह आधी अर्थ सांगतं; उच्चाराचा अंदाज काही चिन्हांतून येतो, पण भरवशाचा नसतो. रोमन अक्षरांची ओळख त्याला ‘पिनयिन’मुळे, म्हणजे चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायच्या पद्धतीमुळे, लहानपणीच झालेली असते, तरी डोळ्याला वळण लागलेलं असतं ते अख्ख्या आकृतीतून अर्थ उचलायचं. वांग, कोडा आणि पर्फेटी या अभ्यासकांनी २००३ साली इंग्रजी शिकणाऱ्या कोरियन आणि चिनी विद्यार्थ्यांची तुलना प्रसिद्ध केली. कोरियन लिपी आपल्यासारखीच उच्चारावर चालणारी. उच्चार सारखा पण स्पेलिंग वेगळं अशा शब्दांनी कोरियन विद्यार्थी जास्त फसले. चिनी विद्यार्थ्यांची भिस्त शब्दाच्या दिसण्यावर होती. आपली मुलं या परीक्षेला बसली असती तर कोरियन बाकावर बसली असती, असं मला वाटतं.

वाचणं आणि कळणं वेगळं तपासता येतं. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ पाहणीत इंग्रजी तपासतात तेव्हा मुलाला आधी शब्द किंवा वाक्य वाचायला देतात आणि मग त्याचा अर्थ वेगळा विचारतात. शाळेच्या प्रगतिपुस्तकात हे दोन रकाने अजून वेगळे झालेले नाहीत. ते व्हायला हवेत.

आता शब्दांकडे. चिनी मुलाकडे नसलेला इंग्रजी शब्दांचा आयता ठेवा गणपतीपुळ्यातल्या मुलाकडे आहे, फक्त त्याला तसं कुणी सांगितलेलं नाही. चिनी भाषा परके शब्द उच्चारासकट घ्यायला फारशी राजी नसते. ती ते आपल्या घरात नव्याने घडवते. संगणक म्हणजे ‘दिएननाओ’, विजेचा मेंदू. आगगाडी म्हणजे ‘हुओछे’, शब्दशः आगीची गाडी. त्यामुळे ‘कॉम्प्युटर’ आणि ‘ट्रेन’ हे शब्द तिथल्या मुलाला कोरे, पहिल्यापासून शिकावे लागतात. आपण घेतो ते उचलूनच घेतो. दिवाळीच्या सुट्टीत किंवा अंगारकीला देवळापासून समुद्रापर्यंत नुसतं चालत जा: पार्किंग, रूम अव्हेलेबल, फॅमिली, एसी, चेक-आउट, बोटिंग, जेट स्की, लाईफगार्ड, हायवे, सिझन, बुकिंग, अ‍ॅडव्हान्स, कॅन्सल. ज्यांच्या घरी दोन खोल्या पर्यटकांना दिल्या जातात त्या घरातलं पोर यातला प्रत्येक शब्द रोज वापरतं. त्याला यांचे अर्थ शिकवायची गरज नाही. कानात बसलेला शब्द आणि कागदावरचं स्पेलिंग यांची गाठ घालून द्यायची आहे, एवढंच. पाठ्यपुस्तकातल्या पहिल्या यादीच्या आधी अशी गावची यादी करावी. सकाळी एका वर्गाने फेरी मारून पाट्या उतरवून आणल्या तरी महिन्याभराचा माल मिळेल. (मेनूकार्डं मात्र वगळा. तिथलं स्पेलिंग आचाऱ्याच्या हाताइतकंच मोकळं असतं.)

या ठेव्यात काही खोटी नाणीही आहेत. आपण ‘हॉटेलात’ मिसळ खायला जातो. इंग्रजी पुस्तकातल्या हॉटेलात माणसं राहायला जातात. आपल्या ‘स्टँड’वर एस.टी. लागते, इंग्रजीत त्याच शब्दाने माणूस उठून उभा राहतो. ‘लाईट गेली’ म्हणताना आपल्याला वीज म्हणायची असते. ओळखीच्या शब्दाचा अर्थ शब्दकोशात बघायचं कुणाच्या मनातही येत नाही, म्हणून अशा शब्दांनी परिच्छेद जास्त बिघडतो.

आणि सगळे शब्द ओळखीचे असूनही वाक्य निसटू शकतं. समजा, कुणा पाहुण्याने तुमच्या खोल्यांबद्दल मोबाईलवर लिहिलं: ‘द रूम वुड हॅव बीन परफेक्ट इफ द एसी हॅड वर्क्ड.’ नववीतली मुलगी आईला वाचून दाखवते. रूम, परफेक्ट, एसी, वर्क. चारही शब्द पाठ. ‘आई, रूम परफेक्ट होती म्हणतायत, एसी चालत होता.’ खरं तर ती तक्रार आहे: एसी चालला असता तर खोली उत्तम म्हटली असती. सगळा अर्थ ‘वुड हॅव’ आणि ‘इफ’ या बारक्या शब्दांत आहे, आणि यादी पाठ करताना नेमके तेच कुणी पाठ करत नाही, कारण त्यांच्यापुढे ‘म्हणजे’ लावून एक मराठी शब्द लिहिता येत नाही.

वाक्याच्या बांधणीचंही तसंच. ‘काल जयगडहून आलेली बोट’ असं आपण म्हणतो तेव्हा बोटीची सगळी माहिती आधी येते, बोट शेवटी. चिनी भाषेतही माहिती आधी, नाम नंतर. इंग्रजीत बोट पहिली आणि शेपूट मागून: ‘द बोट दॅट केम फ्रॉम जयगड यस्टर्डे वॉज कॅरिंग मँगोज.’ इथे चिनी आणि मराठी मूल एकाच दगडाला ठेचाळतं. ‘जयगड’, ‘यस्टर्डे’ आणि ‘वॉज’ एका ओळीत लागले की नेमकं कोण काय करतंय ते सुटतं. आपल्या मुलाला एक जादाची अडचण असते. चिनी क्रियापद इंग्रजीसारखं मध्येच येतं, आपलं शेवटी. यावर आपल्याकडे एक जुना तोडगा चालत आला आहे: आधी कर्ता घ्या, मग वाक्याच्या शेवटाकडून उलटे या. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेल्या पिढ्यांना भाषांतरासाठी याचा उपयोग झाला असेल. वाचण्यासाठी ही पद्धत घातक आहे. प्रत्येक ओळीत डोळा पुढे जाऊन मागे येत राहिला तर पान संपेपर्यंत वरची ओळ विसरलेली असते. त्यापेक्षा वाक्य तुकड्यांत तोडून सरळ पुढे जायला शिकवावं: ‘द बोट’, कुठली, ‘दॅट केम फ्रॉम जयगड यस्टर्डे’, बरं, तिचं काय, ‘वॉज कॅरिंग मँगोज’. पेन्सिलीने दोन तिरक्या रेघा मारल्या की झालं. आठवड्याला अशी दहा वाक्यं पुरेत.

किती शब्द लागतात, हा प्रश्न पालक हमखास विचारतात. न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी हा हिशेब आयुष्यभर केला. एकाच मुळापासून आलेले शब्द मिळून एक कुळ धरायचं, म्हणजे ‘हॅपी’, ‘अनहॅपी’, ‘हॅपिनेस’ हे एकच. अशी सर्वांत जास्त वापरातली दोन हजार कुळं आली की सर्वसाधारण मजकुरातले शंभरांतले ऐंशीच्या वर शब्द ओळखू येतात. ऐकायला छान वाटतं, पण याचा अर्थ दहा शब्दांच्या ओळीत दीड-दोन शब्द अडणार. कुणाच्या मदतीशिवाय वर्तमानपत्र किंवा कादंबरी वाचायला शंभरात अठ्ठ्याण्णव ओळखीचे लागतात आणि त्यासाठी आठ-नऊ हजार कुळं हवीत. ती घोकून होत नाहीत. एक नवा शब्द मनात ठरायला वेगवेगळ्या वाक्यांत दहाएक वेळा भेटावा लागतो. पाठ्यपुस्तकाच्या शंभर-दीडशे पानांत तेवढ्या भेटी कुठून होणार?

याचं उत्तर आपल्याच उपखंडात शोधलं गेलं होतं. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणाधिकारी ढाक्याला होते. १९२६ साली बंगालमधल्या द्विभाषिकतेवर त्यांनी पुस्तक लिहिलं. बहुतेक मुलं शाळा अर्ध्यावर सोडतात हे पाहून त्यांनी विम्याच्या भाषेत प्रश्न टाकला: या शिक्षणाची सरेंडर व्हॅल्यू काय? पॉलिसी मध्येच मोडली तर हातात काय पडतं? दोन वर्षं व्याकरण आणि संभाषण शिकून शाळा सोडलेल्या मुलाच्या हाती काही उरत नाही. वाचता येऊ लागलं असेल तर तेवढं तरी त्याचं स्वतःचं राहतं आणि वाढू शकतं. म्हणून त्यांनी मोजक्या शब्दांत पुन्हा लिहिलेल्या गोष्टींची पुस्तकं काढली, अवघड शब्दांच्या जागी नेहमीचे शब्द घातले आणि नवे शब्द बेताबेताने सोडले. पुढे १९५३ साली त्यांनी सुमारे दोन हजार शब्दांची जी यादी प्रसिद्ध केली ती अजून संदर्भाला घेतली जाते. साम्राज्याच्या नोकरीतला माणूस असला तरी वेस्ट यांचा हा प्रश्न मला आजच्या कुठल्याही शैक्षणिक धोरणापेक्षा प्रामाणिक वाटतो.

सोप्या गोष्टी भरपूर वाचू देण्याच्या या मार्गाचा पडताळा फिजी बेटांवर १९८०च्या सुमारास आला. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मांगूभाई या दोघांनी खेड्यातल्या शाळांच्या चौथी-पाचवीच्या वर्गांत प्रत्येकी सुमारे २५० सचित्र गोष्टींची इंग्रजी पुस्तकं दिली. शिक्षकांनी ती वाचून दाखवायची किंवा मुलांनी आपली आपण वाचायची, एवढंच. ठरावीक धडे गिरवणाऱ्या वर्गांपेक्षा ही मुलं वाचण्यात आणि ऐकून समजण्यात स्पष्टपणे पुढे गेली. समुद्राकाठची खेडी, घरची भाषा वेगळी, हाताशी पुस्तकं नाहीत: आपल्या किनाऱ्याहून फार निराळी परिस्थिती नव्हे.

वाचनातून काय साधतं याचा दाखला आपल्या किनाऱ्यावरही आहे. गणपतीपुळ्याच्या शेजारी मालगुंडात १८६६ साली जन्मलेले कवी केशवसुत मॅट्रिक झाले १८८९ मध्ये, म्हणजे बऱ्याच उशिरा. पुढे शिक्षकी केली. इंग्रजी कवितेतला चौदा ओळींचा घाट त्यांनी मराठीत आणला, काही इंग्रजी कवितांची रूपांतरंही केली. हे सगळं त्यांना मिळालं ते छापील पानांतून. मालगुंडचं त्यांचं स्मारक पाहायला येणारे कवितेबद्दल बोलतात, त्यात गैर काही नाही. पण इंग्रजीच्या शिक्षकांनी तिथे मुलांना नेऊन हा माणूस वाचक म्हणून किती तयारीचा होता हेही सांगावं.

आता करायचं काय, तर थोडकंच. रोज वीस मिनिटं मनातल्या मनात वाचन, ओठ न हलवता, आणि मूल आज ज्या पातळीवर आहे त्याच्या एक पायरी खालचं पुस्तक. एका पानावर दोन-तीनपेक्षा जास्त शब्द अडले तर ते पुस्तक बाजूला ठेवायचं; त्यात कमीपणा नाही. वाचून झालं की प्रश्नोत्तरं नकोत, गोष्ट मराठीत सांगायला लावायची. मराठीत सांगता आली म्हणजे कळली. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर २०१५पासून पातळीनुसार लावलेल्या गोष्टी मोफत मिळतात, आणि बऱ्याच गोष्टी मराठी-इंग्रजी दोन्हीत आहेत. आधी मराठी, मग तीच इंग्रजी, या क्रमाने वाचली तर अडखळणारं मूलही शेवटपर्यंत जातं. शब्दाच्या पुढे-मागे लागणारे तुकडेही दाखवावेत. मराठी व्याकरणात उपसर्ग-प्रत्यय शिकलेल्या मुलाला ‘अन’ आणि ‘नेस’ पटकन उमगतात. चिनी मुलाला ही सवय कमी असते, कारण त्याच्या भाषेत नवे शब्द बहुधा शब्दाला शब्द जोडून होतात.

एक विनंती आहे, गणपतीपुळ्याला जाणाऱ्यांना आणि तिथे खोल्या देणाऱ्यांना. मुलांनी वाचून झालेली सोपी इंग्रजी गोष्टींची पुस्तकं घरी रद्दीत घालू नका. पुढच्या वेळी दर्शनाला जाताना चार बरोबर घ्या आणि उतराल तिथे ठेवून या. यजमानांनी ती जवळच्या मराठी शाळेला द्यावीत. सहावी-सातवीच्या वर्गासाठी पन्नास पुस्तकांनीही सुरुवात होते.

पुढच्या आठवड्यात: शब्दकोश कधी उघडावा आणि कधी उघडू नये.