मैल्याचा खड्डा आणि सेप्टिक टाकी

पुष्कळ जुन्या घरांच्या परसांत मैला जिरविण्यासाठीं एकच खड्डा असतो. दृष्टीआड झालें कीं नाहींसें झालें, ही त्यामागील समजूत. वस्तुतः त्यांतील द्रव जमिनींत मुरतो आणि जवळच्या विहिरींत पटकी व विषमज्वर यांचे जंतु शिरूं शकतात.

ह्या खड्ड्याच्या जागीं सेप्टिक टाकी बांधणें हा उपाय होय. इंग्लंडांतील एक्झीटर येथें डोनाल्ड कॅमरन यांनीं १८९५ सालीं तिला हें नांव दिलें. बंदिस्त टाकींत सांडपाणी संथ राहतें. गाळ तळाशीं बसतो, स्निग्ध फेंस वर तरंगतो आणि प्राणवायूवांचून जगणारे सूक्ष्म जंतु गाळाचें कांहीं अंशीं विघटन करितात. मधल्या थरांतून बाहेर पडणारें पाणी मात्र निर्मळ नसतें. म्हणून तें विहिरीपासून निदान १८ मीटर दूर असलेल्या शोषखड्ड्यांत सोडावें. टाकींतील गाळ दर दोनतीन वर्षांनीं उपसावा. नाहींतर तो वाहत जाऊन शोषखड्डा तुंबवितो.

जुना खड्डा बुजविण्यापूर्वीं रिकामा करावा लागतो, आणि खरा धोका येथेंच असतो. आंत हायड्रोजन सल्फाइड वायु साठतो. तो घातक प्रमाणांत असला म्हणजे नाकाला त्याची दुर्गंधीहि कळेनाशी होते. उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याला काढावयास गेलेला दुसराहि. संरक्षक साधनांवांचून माणूस उतरवून अशी सफाई करविण्यास २०१३ च्या कायद्यानें मनाई केली आहे. गृहस्थानें मैला उपसणारी यंत्राची गाडीच बोलवावी आणि मग खड्डा वाळू-मुरुमानें भरावा. घराची स्वच्छता दुसऱ्याच्या प्राणांच्या मोलानें घ्यावयाची नसते.