काचेतले बाळ आणि कोवळे ऊन

परभणी जिल्ह्यात पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते. दवाखान्यात बाळंतपण होते, सगळे सुरळीत असेल तर दोन-तीन दिवसांत सुट्टी मिळते आणि बाळ-बाळंतीण जिंतूर, पालम, सोनपेठकडच्या एखाद्या गावी घरी पोहोचतात. पाचवीची तयारी सुरू होते. नेमक्या याच दिवसांत नवजात बाळाची कावीळ सर्वांत जास्त वाढलेली असते. पूर्ण दिवसांच्या दहापैकी साधारण सहा बाळांना आणि अपुऱ्या दिवसांच्या दहापैकी आठ बाळांना ती दिसते. बहुतेकांची आपोआप उतरते. म्हणून आजी निर्धास्तपणे सांगते, "काही नाही होत, सकाळच्या कोवळ्या उन्हात धरा लेकराला."

आजीचे म्हणणे निराधार नाही. घोटाळा आहे तो ऊन म्हणजे काय आणि ते कशातून किती पार जाते, यात.

बाळाच्या जुन्या तांबड्या पेशी फुटल्या की बिलिरुबिन नावाचे रंगद्रव्य तयार होते. ते पाण्यात विरघळत नाही. मोठ्या माणसाचे यकृत त्यावर प्रक्रिया करून ते पित्तावाटे बाहेर टाकते. नवजात बाळाचे यकृत त्या कामाला अजून सरावलेले नसते, म्हणून रंगद्रव्य रक्तात आणि कातडीत साठते. ते पिवळे का दिसते? पांढऱ्या प्रकाशातला निळा भाग ते शोषून घेते आणि उरलेला परत पाठवते म्हणून. उपचाराची किल्ली इथेच आहे. जो रंग हा रेणू गिळतो, तोच रंग त्याला मोडता घालू शकतो.

हे कळले ते इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातील रॉचफर्ड रुग्णालयात, १९५६च्या उन्हाळ्यात. तिथल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या कक्षात सिस्टर जीन वॉर्ड काम करत. कोंदट खोलीपेक्षा मोकळी हवा आणि ऊन बाळांना मानवते असे त्यांचे मत होते, म्हणून त्या बाळांना अंगणात नेत. एकदा डॉक्टरांच्या फेरीत त्यांनी एका बाळाचे अंग उघडून दाखवले. सगळे अंग फिके आणि एकच त्रिकोणी तुकडा गडद पिवळा. डॉक्टरांना वाटले, काही औषध लावले असेल. खरे तर तेवढ्या भागावर चादरीचे टोक आले होते. जिथे ऊन लागले तिथली कावीळ उतरली होती, झाकलेल्या जागेची तशीच होती. पुढे तिथेच दुसऱ्या एका काविळीच्या बाळाच्या रक्ताची नळी उन्हात राहून गेली आणि तिच्यातले बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी भरले. रिचर्ड क्रेमर आणि सहकाऱ्यांनी माग काढला, निळ्या दिव्यांचा पाळणा बनवला आणि १९५८मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापले. तरी जगभर हा उपचार रुजायला आणखी दहा वर्षे गेली. अमेरिकेत जेरॉल्ड ल्युसी यांची चाचणी १९६८मध्ये प्रसिद्ध झाली, त्यानंतर फोटोथेरपी सर्वत्र पोहोचली. एका परिचारिकेच्या नजरेने लागलेला हा शोध आहे आणि त्याचे श्रेय तिला अजूनही पुरेसे दिले जात नाही.

त्या नळीतला एक तपशील महत्त्वाचा आहे. नळी काचेची होती, म्हणजे काचेने निळा प्रकाश अडवला नव्हता. उन्हात दृश्य प्रकाश असतो, तसे डोळ्यांना न दिसणारे अतिनील आणि अवरक्त किरणही असतात. हे सगळे विद्युतचुंबकीय तरंगच, फरक फक्त तरंगलांबीचा. बिलिरुबिनवर काम करतो तो साधारण ४६० ते ४९० नॅनोमीटरचा निळा प्रकाश. खिडकीची साधी काच तो जवळजवळ सगळा आत सोडते. मात्र ३१५ नॅनोमीटरखालचे अतिनील किरण ती शोषून घेते आणि कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते ते नेमक्या याच किरणांमुळे. त्यामुळे बंद खिडकीशी बाळाला कितीही वेळ धरले तरी ड जीवनसत्त्वाची बेगमी होत नाही. अगदी सकाळच्या तिरप्या उन्हातही हे किरण फार थोडे असतात, कारण त्यांना हवेच्या जाड थरातून यावे लागते. म्हणूनच बाळाला वर्षभर रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब द्यायला सांगतात.

काचेतून आत आलेली उष्णता मात्र सहजी बाहेर पडत नाही. उन्हाचे जवळचे अवरक्त किरण काच ओलांडतात, आतल्या वस्तू तापतात आणि त्या तापलेल्या वस्तूंमधून निघणारे लांब अवरक्त तरंग काच अडवते. एप्रिलमध्ये परभणी बसस्थानकाबाहेर काचा लावून उभ्या असलेल्या गाडीत जो बसला, त्याला हे वेगळे सांगायला नको.

कातडीतही प्रत्येक रंगाची धाव वेगळी. अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर बोट ठेवले की बोट लाल दिसते, कारण लाल प्रकाश मांसातून पार जातो आणि निळा वरच्या वर, मिलिमीटरभरात, शोषला जातो. बाळाच्या पायाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर याच लाल आणि अवरक्त प्रकाशावर चालतो. बिलिरुबिन लाल प्रकाश शोषत नाही, म्हणून काविळीतही तो बरोबर आकडा दाखवतो. निळ्या प्रकाशाची पोहोच थोडी असली तरी बाळाची त्वचा पातळ, रक्ताच्या केशवाहिन्या वरच. तिथल्या बिलिरुबिनच्या घडी घातलेल्या रेणूवर प्रकाश पडला की घडी उलगडते, त्याचे रूप बदलते आणि तो पाण्यात विरघळू लागतो. मग यकृताच्या प्रक्रियेवाचून तो पित्तातून आणि लघवीतून निघून जातो.

उपचाराचे यश म्हणूनच किती कातडी उघडी आहे आणि प्रकाश किती तीव्र आहे, यावर ठरते. बाळाला फक्त लंगोट आणि डोळ्यांवर पट्टी, बाकी अंग उघडे. नातेवाईक मायेपोटी अंगावर ओढणी टाकतात आणि रॉचफर्डचा तो पिवळा त्रिकोण पुन्हा तयार करतात. दिवा लांब गेला की तीव्रता झपाट्याने घटते. "बाळाला काचेत ठेवलंय" असे गावाकडे सांगितले जाते तेव्हा ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. हा करंट आहे का, एक्स-रेसारखे किरण आहेत का, असे विचारले जाते. निळा प्रकाश हा दिसणारा साधा प्रकाश आहे. एक्स-रे अणूतून इलेक्ट्रॉन उडवू शकतात, निळा प्रकाश तसे करत नाही. आणि काच तर नुसता आडोसा आहे, औषध आहे तो दिवा.

हाच निळा झिरोचा बल्ब लावून घरी का करू नये? जुन्या तारेच्या बल्बच्या प्रकाशात निळा भाग मुळातच कमी. वरचा रंगाचा लेप बाकीचे रंग गिळतो, निळा वाढवत नाही. खोली निळी दिसते, बाळाच्या अंगावर पुरेसा प्रकाश पडत नाही.

आता अंगणातल्या उन्हाकडे येऊ. त्यात निळा प्रकाश भरपूर आहे, हे खरे. पण सोबत त्वचा भाजणारे अतिनील आणि ताप वाढवणारे अवरक्त किरणही आहेत. परभणीचा मे महिना ४४ अंशांच्या वर जातो आणि डिसेंबर-जानेवारीत इथल्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतले एक अंकी तापमान बातमीत येते. उन्हाळ्यात उघडे बाळ तापते, थंडीच्या सकाळी गारठते आणि गारठलेले बाळ दूध ओढत नाही. दूध कमी गेले की शी कमी होते आणि कावीळ वाढते. कोवळ्या उन्हात दहा-पंधरा मिनिटे, तेही कपड्यात गुंडाळून, एवढ्याने वाढलेली कावीळ उतरत नाही. नायजेरियात लागोसमध्ये विजेच्या टंचाईवर तोड म्हणून संशोधकांनी वेगळी युक्ती केली. अतिनील आणि बरेचसे अवरक्त किरण अडवणारी, निळा प्रकाश सोडणारी फिल्म मांडवावर ताणली आणि त्याखाली बाळांना ठेवले. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत उपचाराच्या ९३ टक्के दिवसांत तो उपयोगी ठरला. नेहमीच्या दिव्यांचा आकडा ९० टक्के होता. पण तिथे परिचारिका सतत जवळ होत्या, बाळांचे तापमान आणि रक्तातले बिलिरुबिन मोजले जात होते. अंगणातल्या बाजेवर यातले काहीच नसते.

खरा धोका उन्हाचा नाही, उन्हाच्या भरवशावर गेलेल्या दिवसांचा आहे. बिलिरुबिन फार वाढले की ते मेंदूत शिरते. वाचलेल्या मुलाला कायमचा बहिरेपणा किंवा हातापायांच्या अनावर हालचालींचा मेंदूचा पक्षाघात राहू शकतो. काविळीची माळ घालून हे थांबत नाही.

कावीळ ओळखायलाही प्रकाशच लागतो. बाळंतिणीची खोली अंधारी, त्यात पिवळा बल्ब. ज्या उजेडात निळा भागच तुटपुंजा, त्यात पिवळी कातडी वेगळी उठून दिसत नाही. अंगाला हळद चोळली असेल तर विचारूच नका. बाळाला दिवसाच्या उजेडात दारापाशी आणावे, छातीवर आणि पायावर बोटाने हलके दाबून सोडावे आणि दाबलेली जागा पिवळी दिसते का ते पाहावे. सावळ्या बाळाचे डोळे आणि हिरड्याही पाहाव्यात.

जन्मल्यापासून २४ तासांच्या आत दिसलेली कावीळ, तळहात-तळपाय पिवळे होणे, दूध न ओढणे, सतत झोपून राहणे, चिरका आवाज काढून रडणे, अंग मागे ताणणे, यातले काहीही दिसले तर पाचवी होईपर्यंत थांबू नये. त्याच दिवशी नवजात शिशू कक्ष गाठावा. सरकारी रुग्णालयात हा उपचार आणि नेण्या-आणण्याची सोय मोफत आहे. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर आधीच सांगून ठेवावे. आशा ताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरी येतात, तेव्हा बाळ उघडे करून त्यांना दाखवावे. ट्रंकेत डांबरगोळ्यांसोबत ठेवलेले जुने कपडे तसेच बाळाला घालू नयेत. जीसिक्सपीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी त्या वाफेने फुटतात आणि कावीळ एकदम चढते.

आणि दोन आठवड्यांनंतरही कावीळ राहिली, शी पांढुरकी आणि लघवी गडद पिवळी होत असेल तर तो आजारच वेगळा. तिथे पित्ताचा मार्ग तुंबलेला असू शकतो, दिव्याचा उपयोग नसतो आणि शस्त्रक्रिया लागली तर ती दोन महिन्यांच्या आत झालेली बरी.