गाडी मिसिंग मारते? आधी आजारी सिलिंडर शोधा

चार बैलांच्या नांगराला एक बैल अंग चोरू लागला, तर आपण चारही बैल बाजारात नेत नाही. कोणता बैल कुचराई करतो ते आधी पाहतो. मोटारीचेही तसेच आहे. तरीही गाडी उभ्या जागी थरथरू लागली की प्लग, कॉइल, इंजेक्टर सगळेच बदलून टाकले जाते आणि उसाच्या बिलातला मोठा घास गॅरेजमध्ये जातो.

पूर्वी मिस्त्री चालू इंजिनाच्या प्लगची एकेक वायर काढून पाहत. जी काढूनही आवाज बदलेना, तो सिलिंडर आजारी. आजच्या पेट्रोल गाडीत बहुधा प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते. तिथे हा प्रयोग करू नये. जबर झटका बसतो, शिवाय न जळालेले पेट्रोल धुराच्या नळीतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते व तो महागडा भाग निकामी होतो. म्हणूनच डॅशबोर्डावरचा इंजिनाचा दिवा उघडझाप करू लागला, तर गाडी तशीच रेटू नका, बाजूला घ्या.

आता सिलिंडर स्कॅनर सांगतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला तो जोडला की कोड दिसतो. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी ०३०२ म्हणजे दुसरा. पी ०३०० आला तर बिघाड एका ठिकाणी बांधलेला नाही.

समजा पी ०३०१ आला. इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे. पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी, कोड पुसावा आणि इंजिन चालवून पाहावे. आता पी ०३०२ आला तर कॉइलच खराब. पहिलाच कोड पुन्हा आला तर याच रीतीने प्लग, मग इंजेक्टर तपासावा. तरीही भागले नाही तर कॉम्प्रेशन मोजावे.

आयडलिंगला थरथर आणि रेस दिली की गाडी सुरळीत, असे असेल तर हवेचा पाइप कुठे चिरला आहे का, थ्रॉटलवर काजळी धरली आहे का, ते बघा. तीन सिलिंडरच्या गाडीला थोडी थरथर मुळातच असते; तिला आजार समजू नका.

आमचे सांगणे एवढेच : नवा भाग घालण्यापूर्वी मिस्त्रीला दोन प्रश्न जरूर विचारा. कोणता सिलिंडर? आणि कशावरून?