रेशनचे धान्य आणि सकस आहार : चवदार तळ्याच्या परिसरातून एक विचार

दरवर्षी २० मार्च रोजी महाड येथील चवदार तळ्याकाठी दूरदूरचे स्त्रीपुरुष एकत्र येतात. १९२७ साली याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या अनुयायांसह या तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले आणि सार्वजनिक पाण्यावर प्रत्येक माणसाचा हक्क आहे, हे कृतीने दाखवून दिले. आपल्या उपासनावर्षात ही तारीख नेहमीच प्रायश्चित्तकाळात येते. उपवास, प्रार्थना आणि दानधर्म यांच्या या दिवसांत भुकेचा, अन्नाचा व माणसाच्या मानाचा एकत्रित विचार करण्यास चवदार तळ्याचे स्मरण निश्चितच साहाय्यभूत ठरते.

त्या सत्याग्रहाच्या इतिहासात पाण्याबरोबर अन्नाचीही कथा आहे. तळ्यावरून परतलेल्या प्रतिनिधींवर मंडपात हल्ला झाला, तेव्हा तेथील अन्न मातीत मिसळण्यात आले. त्याच वर्षी डिसेंबर महिन्यात महाडला दुसरी परिषद भरली. त्या वेळी स्थानिक व्यापाऱ्यांनी माल देण्यास नकार दिल्याने धान्य व किराणा बाहेरून आणावा लागला. वस्तुतः सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ सालीच संमत झाला होता, आणि १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला होता. तरीही ओंजळभर पाण्यासाठी १९२७ साल उजाडावे लागले, आणि उच्च न्यायालयाचा निकाल तर १९३७ साली लागला. कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्ष हाती पडणारी वस्तू यांत केवढे अंतर असू शकते, याची साक्ष हे तळे देते.

असेच एक अंतर आज अनेक घरांत शिधापत्रिका आणि जेवणाचे ताट यांच्यामध्ये आहे. धान्य मिळते, पोट भरते. परंतु शरीराचे पोषण होते का? महाड-पोलादपूरच्या डोंगराळ भागातील कुटुंबांपासून आपल्या धर्मग्रामांतील मोलमजुरी करणाऱ्या कुटुंबांपर्यंत सर्वांना लागू पडणारा हा प्रश्न येथे समजून घेऊ या.

हक्काचे धान्य किती?

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली संमत झाला आणि महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी १ फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाली. या कायद्यान्वये राज्यातील सुमारे ७ कोटी लोकांना धान्य देण्याची मर्यादा ठरलेली आहे. प्राधान्य गटातील कुटुंबास दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळते. अंत्योदय गटातील अतिगरीब कुटुंबास माणसे कितीही असली तरी दरमहा ३५ किलो धान्य मिळते. पूर्वी तांदूळ ३ रुपये व गहू २ रुपये किलो दराने मिळत असे. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य करण्यात आले, आणि १ जानेवारी २०२४ पासून ही सवलत आणखी पाच वर्षांसाठी वाढविण्यात आली.

येथे एक गोष्ट मनावर ठसली पाहिजे. हे धान्य भिक्षा नव्हे किंवा कोणा दुकानदाराची मेहेरबानी नव्हे. हा कायद्याने दिलेला हक्क आहे. "कंट्रोलचे धान्य" म्हणून त्याविषयी लाज बाळगण्याचे, किंवा ते कमी भावात विकून बाजारातील पांढराशुभ्र तांदूळ आणण्याचे काहीही कारण नाही.

पाच किलोचा हिशेब

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दिवसाला सुमारे २,००० कॅलरी लागणाऱ्या प्रौढ व्यक्तीने रोज साधारण २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे आणि ३०० मिलिलिटर दूध किंवा दही घ्यावे, असे त्यांत सुचविले आहे. थोडे शेंगदाणे वा तीळ आणि बेताचे तेल हेही त्यात आहे.

आता रेशनकडे पाहू. महिन्याला ५ किलो म्हणजे रोजचे सुमारे १६७ ग्रॅम. गरजेच्या धान्यापैकी दोनतृतीयांश भाग यातून भागतो. मात्र या धान्यातून सुमारे ५८० कॅलरी, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी ऊर्जा मिळते. डाळ, भाजी, फळ व दूध यांचा या हक्कात समावेश नाही. २०२२ च्या दिवाळीत राज्य शासनाने १०० रुपयांत "आनंदाचा शिधा" दिला, त्यात रवा, हरभरा डाळ, साखर व पामतेल होते. परंतु तो सणापुरता होता.

तात्पर्य हे की, रेशन हा आहाराचा पाया आहे. त्यावरची भिंत आपणांस उभारावी लागते. धान्यावरचा खर्च वाचल्यावर हातात उरलेले पैसे कशासाठी वापरायचे, यावर घराचे आरोग्य अवलंबून असते. ते पैसे पाच रुपयांच्या कुरकुरीत पुड्यांत गेले, तर एका मुलामागे महिन्याला १५० रुपये खर्च होतात आणि पदरी मीठ व तेल पडते. तेच पैसे डाळी-कडधान्यांकडे वळले, तर घराला खरे अन्न मिळते.

हा प्रश्न किती गंभीर आहे, हे २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून दिसते. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांमध्ये आणि पाच वर्षांखालील जवळजवळ ६९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालील ३५ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. नुसत्या भाताने पोट भरते, पण रक्त भरत नाही.

डोंगराने दिलेली साथ

ही भिंत उभारण्याचे साहित्य महाड-पोलादपूरच्या मातीत आहे. येथील डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी व वरी पिकत आली आहे. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल, पावटा व कुळीथ यांसारखी कडधान्ये होतात. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास असते. १०० ग्रॅम कुळथात २० ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, तेव्हा शहरांत नाचणीची बिस्किटे महाग झाली. पण ज्यांच्या आजीने आयुष्यभर नाचणीची भाकरी थापली, त्यांच्याच घरातून ती "गरिबांचे अन्न" म्हणून हद्दपार होत आहे. हा मोठाच विरोधाभास आहे.

संत योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने पाच हजारांना जेवू घातल्याचा वृत्तान्त आहे. त्या मुलाजवळ पाच भाकरी होत्या, त्या जवाच्या. जव हे त्या काळी गोरगरिबांचे भरड धान्य होते. सोबतीला दोन मासळ्या होत्या. प्रभूने त्या शिदोरीला हलके लेखले नाही. तीच हाती घेऊन त्याने आभार मानले. नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी खाणाऱ्या घराने ही गोष्ट अभिमानाने आठवावी.

पावसाळ्यात टाकळा, कुरडू, भारंगी, करटोली या रानभाज्या मिळतात. मात्र ज्यांना त्यांची खात्रीची ओळख आहे अशा वडीलधाऱ्यांकडूनच त्या निवडून घ्याव्यात. परसात शेवग्याचे एक झाड असले, तर पाला व शेंगा दोन्ही मिळतात. सुका जवळा, सुकट व बोंबील हे प्रथिने व कॅल्शियम देणारे पदार्थ आहेत. त्यांत मीठ अधिक असल्यास शिजविण्यापूर्वी धुऊन घ्यावेत. प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी आपण मांस वर्ज्य करतो. त्या दिवशी महागडी मासळी आणण्यापेक्षा कुळथाची पिठी किंवा वालाची आमटी करणे उपवासाच्या हेतूला अधिक साजेसे आहे.

स्वयंपाकघरातील काही नियम

रेशनचा गहू दळताना चार किलो गव्हात एक किलो नाचणी मिसळावी. चपातीची चव फारशी बदलत नाही आणि मुलेही खातात.

तांदूळ एकदोनदाच धुवावेत. भाताची पेज ओतून न देता मीठ घालून प्यावी.

रेशनच्या तांदळात काही दाणे निराळे दिसले, तर ते "प्लास्टिकचे" समजून निवडून टाकू नयेत. लोह, फॉलिक ॲसिड व ब-१२ जीवनसत्त्व घातलेले दाणे साध्या तांदळात शंभरास एक या प्रमाणात मिसळून पोषणयुक्त तांदूळ तयार करतात. मार्च २०२४ पर्यंत तो देशभरातील रेशन व्यवस्थेत पोहोचला होता. ज्या महिन्यात असा तांदूळ हाती येईल, त्या महिन्यात तो निःशंकपणे शिजवावा.

मटकी, मूग, कुळीथ यांना मोड आणावेत. भाजी-उसळीवर लिंबू पिळावे किंवा जेवणात आवळा असावा. त्यामुळे अन्नातील लोह शरीरात चांगले शोषले जाते. उलट, जेवणाबरोबर घेतलेला चहा त्यात अडथळा आणतो. म्हणून चहा व जेवण यांत तासाभराचे अंतर असावे.

माता आणि बालके

अन्न सुरक्षा कायदा केवळ धान्यापुरता नाही. गरोदर व स्तनदा माता आणि सहा वर्षांपर्यंतची बालके यांना अंगणवाडीतून पूरक आहार, तर सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शासकीय व अनुदानित शाळांतून दुपारचे भोजन मिळण्याचा हक्क त्यात आहे. अंगणवाडीत नाव नोंदविणे व बालकाचे वजन नियमितपणे करून घेणे हे प्रत्येक मातेने आवर्जून करावे. आपल्याकडे घरातील स्त्री सर्वांत शेवटी, उरलेसुरले जेवते. ही प्रथा त्याग म्हणून गौरविली जाते. पण त्याची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागते. सर्वांनी एकत्र बसून जेवावे, हीच ख्रिस्ती कुटुंबाची रीत असावी.

ताटापर्यंतची वाट

या कायद्यानुसार शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्रीचे नाव असते. धान्य घेताना यंत्रातून निघणारी पावती मागून घ्यावी आणि तीवरील वजन पडताळून पाहावे. सर्व सदस्यांची आधार पडताळणी, म्हणजे ई-केवायसी, पूर्ण करावी. अन्यथा नाव वगळले जाण्याचा संभव असतो. रोजगारासाठी मुंबई-पुण्याला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांना "एक देश, एक शिधापत्रिका" या व्यवस्थेमुळे आपल्या वाट्याचे धान्य तेथील रास्त भाव दुकानातूनही घेता येते. तक्रार असल्यास १९६७ हा दूरध्वनी क्रमांक आहे, तसेच तहसील कार्यालयाचा पुरवठा विभाग व जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहेत.

ख्रिस्तसभेचे कर्तव्य

अन्नवाटपातील तक्रार ख्रिस्तसभेला नवी नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात असे सांगितले आहे की, रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत असल्याची कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी ती दडपली नाही, की त्या विधवांना कृतघ्नही ठरविले नाही. त्यांनी शिष्यसमुदायाला सात सत्पुरुष निवडावयास सांगून हे काम त्या सातजणांकडे सोपविले. त्यांतीलच एक संत स्तेफन, ख्रिस्तसभेचा पहिला रक्तसाक्षी. वाटप न्याय्य व्हावे, ही श्रद्धेचीच बाब आहे, हे आरंभीच्या ख्रिस्ती समूहाने असे ओळखले होते.

आपल्या धर्मग्रामांतही हे सहज करता येईल. संत विन्सेंट डी पॉल सोसायटी जेथे कार्यरत आहे तेथे गरजू घराला पुन्हा तांदूळच देण्याऐवजी दरमहा डाळ, कडधान्य, शेंगदाणे व आयोडीनयुक्त मीठ द्यावे. कारण रेशनमध्ये नेमके तेच नसते. ज्या वृद्धांच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, त्यांच्याबरोबर युवक-युवतींनी रेशन दुकानात वा तहसील कार्यालयात जावे. शिधापत्रिका असलेल्यांची धर्म पाहून निवड करू नये. भुकेला धर्म नसतो. प्रायश्चित्तकाळात एका जेवणाचा त्याग केल्यावर वाचलेले पैसे कडधान्यासाठी बाजूला काढावेत. पोप फ्रान्सिस यांनी "लाउदातो सी" या २०१५ च्या परिपत्रकात स्मरण करून दिले होते की, आपण वाया घालवितो ते अन्न जणू गरिबाच्या ताटातून चोरलेले असते. आपल्या सण-समारंभांतील पंक्तींनाही हा निकष लावून पाहावा.

स्वर्गीय पित्याकडे आपण रोजच्या भाकरीची याचना करतो, ती "माझ्या" नव्हे, तर "आमच्या" भाकरीची. १९२७ साली चवदार तळ्यावर उचललेली ओंजळही एकट्याची नव्हती. शासनाने धान्य दिले, डोंगराने नाचणी व कुळीथ दिले; आता शेजाऱ्याचे ताट पूर्ण भरते की नाही, हे पाहण्याचे काम आपल्याकडे आले आहे. या प्रायश्चित्तकाळात प्रत्येक धर्मग्रामाने निदान एका घराच्या ताटापर्यंत ही वाट पोहोचवावी, आणि परमेश्वर आपल्या या प्रयत्नांना आशीर्वाद देवो.