फ्रेशवॉटर बायोलॉजिकल असोसिएशन

फ्रेशवॉटर बायोलॉजिकल असोसिएशन ही गोड्या पाण्यातील जीवसृष्टीचे संशोधन व संवर्धन करणारी ब्रिटनमधील वैज्ञानिक संस्था आहे. तिची स्थापना इ.स. १९२९ मध्ये झाली. इंग्लंडमधील सर्वांत मोठे नैसर्गिक सरोवर असलेल्या विंडरमिअरच्या काठी तिचे कार्य वाढले.

स्थापना

सागरी जीवांच्या अभ्यासासाठी प्लिमथ येथे १८८८ पासून प्रयोगशाळा होती; नद्या व सरोवरांसाठी मात्र ब्रिटनमध्ये तशी सोय नव्हती. शैवालतज्ज्ञ फेलिक्स फ्रिच यांनी १९२७ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनातील भाषणात या उणिवेकडे लक्ष वेधले. (शैवालांवरील त्यांचा द्विखंडी ग्रंथ भारतातील वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही परिचित आहे.) त्यांच्यासह डब्ल्यू. एच. पिअर्सॉल व रॉबर्ट गर्नी यांच्या प्रयत्नांतून संस्था उभी राहिली. १९३१ मध्ये रे कॅसल या वाड्यात पहिली प्रयोगशाळा सुरू झाली. १९५० मध्ये ती फेरी हाउस येथील जुन्या हॉटेलच्या इमारतीत हलविण्यात आली.

संशोधन

सरोवराच्या तळाचा गाळ निर्जीव साठा नसतो, हे क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी १९४१-४२ मधील शोधनिबंधांत दाखविले. उन्हाळ्यात वरचे कोमट पाणी खालच्या थंड पाण्यात मिसळत नाही. तळाशी प्राणवायू संपत जातो आणि गाळातील लोहाची संयुगे विरघळू लागतात. त्यांनी धरून ठेवलेले फॉस्फेटही पाण्यात उतरते. त्यामुळे बाहेरून येणारे सांडपाणी थांबविले, तरी सरोवर लगेच सुधारतेच असे नाही.

जॉन लुंड यांनी ॲस्टेरिओनेला या करंडक वनस्पतीच्या वासंतिक वाढीचे कोडे सोडविले. या सूक्ष्म वनस्पतीची भित्तिका सिलिकेची असते. पाण्यातील सिलिका लिटरमागे सुमारे ०.५ मिलिग्रॅमपर्यंत घटली, की वाढ थांबते. हे उलगडण्यासाठी आठवड्यामागून आठवडे, वर्षानुवर्षे पाण्याचे नमुने घ्यावे लागले. असे काम दिसायला नीरस असते, परंतु संस्थेचे खरे वैभव याच नोंदींत आहे. विनिफ्रेड पेनिंग्टन यांनी तळातील गाळाच्या थरांतून हिमयुगाच्या अखेरीपासूनचा इतिहास वाचला. त्या काळातील एका उबदार टप्प्याला विंडरमिअरचेच नाव मिळाले आहे.

युद्धकाळ आणि पर्च मासे

दुसऱ्या महायुद्धातील अन्नटंचाईत, १९४१ पासून, विंडरमिअरमधील पर्च मासे सापळ्यांनी पकडून टोमॅटोच्या रश्शासह डबाबंद करण्यात आले. 'पर्चाइन्स' या नावाने ते विकले गेले. अन्नाची गरज सरल्यावरही सापळे चालूच ठेवले गेले, आणि एका तात्पुरत्या उपक्रमातून माशांच्या संख्येची दीर्घ नोंदमाला तयार झाली. म्हणूनच १९७६ मध्ये रोगाच्या साथीने बहुतेक प्रौढ पर्च मेले, तेव्हा या हानीचे मोजमाप करणे शक्य झाले.

उत्तरकाळ

डॉर्सेटमधील फ्रोम नदीवरही संस्थेने १९६० च्या दशकात प्रयोगशाळा उभारली. १९८९ मध्ये संशोधकांचा मोठा गट नव्या सरकारी संशोधन संस्थेकडे गेला. वैज्ञानिक संस्थेपासून वैज्ञानिकच वेगळे झाले, तरी ग्रंथालय, शैवालचित्रांचा फ्रिच संग्रह आणि जीव ओळखण्याच्या पुस्तिकांचे प्रकाशन संस्थेकडेच राहिले. या पुस्तिकांची मालिका १९३९ पासून चालत आली असून नदीकाठी काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना तिचा विशेष उपयोग होतो. विंडरमिअरच्या नोंदी आता दुसरी संस्था पुढे नेते. याच नोंदींमुळे १९९२ मध्ये सांडपाण्यातून फॉस्फेट काढण्याची प्रक्रिया सुरू झाल्यावर सरोवरात काय बदलले आणि काय बदलले नाही, हे ताडून पाहता आले.

संवर्धनाच्या कामात संस्थेने २००७ पासून गोड्या पाण्यातील मोत्याच्या शिंपल्यांचे संगोपन हाती घेतले. हा शिंपला शंभराहून अधिक वर्षे जगू शकतो. त्याच्या अळ्यांना सुरुवातीचे काही महिने सामन किंवा ट्राउट माशांच्या कल्ल्यांना चिकटून राहावे लागते. इंग्लंडमधील कित्येक नद्यांत आज केवळ म्हातारे शिंपलेच उरले आहेत. त्यामुळे केंद्रात अळ्यांना माशांच्या कल्ल्यांवर आश्रय मिळवून देऊन पुढे पिल्ले वाढविली जातात.